काच, ग्रॅनाइट आणि गॅलरी

संपादक मंडळाने यंदा फर्मान काढले की प्रत्येकाने आपापल्या कामाच्या विषयावर लिहावे. माझे काम म्हणजे इमारतीत किती उष्णता शिरते ते मोजायचे आणि ती बाहेर काढायला किती टनांची यंत्रे लागतील ते सांगायचे. यात वाचनीय असे काय असणार? तरी पंचवीस वर्षे हीच बेरीज-वजाबाकी करत महादेवपुऱ्यात राहिल्यावर एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. एवढ्या चांगल्या हवेच्या गावात आपण सगळे दिवसभर बंद काचेच्या पेटीत, अंगावर जर्किन घालून का बसतो? ही पेटी आली कुठून? या प्रश्नाचा माग काढताना मी पॅरिसपर्यंत गेलो (पुस्तकांतून, प्रत्यक्ष नव्हे) आणि परत येताना वाटेत पुणे, आचरा आणि पेडर रोड लागले. म्हणून हा लेख.

मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून आपला भाग वरून पाहायची सोय झाली आहे. सिंगय्यनपाळ्यापासून कुंदलहळ्ळीपर्यंत खिडकीतून पाहत जा. निळी काच, हिरवी काच, तांबूस काच, मध्ये एखादे नारळाचे झाड, पुन्हा काच. १९९४ साली भारत आणि सिंगापूर यांच्यात टेक पार्कचा करार झाला, तेव्हा हा भाग म्हणजे शेते, तळी आणि विटांच्या भट्ट्या होता असे जुने लोक सांगतात. २००७ पर्यंत महादेवपुरा ही वेगळी नगरपालिका होती. म्हणजे आपल्यातली बरीच मंडळी इथे आली तेव्हा हे गाव कागदोपत्री बंगळूर शहरात नव्हतेच!

आता काचेचा इतिहास. तो आपल्याला अगदी जवळून, लालबागेपासून सुरू करता येतो.

लालबागेतले ग्लास हाउस सर्वांनी पाहिले आहे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते आणि आपण मुलांना खांद्यावर घेऊन रांगेत उभे राहतो. त्याची पायाभरणी ३० नोव्हेंबर १८८९ रोजी इंग्लंडचे राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते झाली. नमुना होता लंडनचा क्रिस्टल पॅलेस. तो १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभा राहिला आणि त्याचा कर्ता जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा बागाईतदार. उष्ण प्रदेशातली झाडे इंग्लंडच्या थंडीत जगवण्यासाठी त्याने काचेची घरे बांधली होती, त्यातूनच पुढे हा राजवाडा सुचला. सूर्याची किरणे काचेतून आत येतात, आतल्या वस्तू तापतात, पण त्या वस्तूंमधून निघणारी उष्णता काचेतून तशी बाहेर पडत नाही. थंड देशात झाडांना हे वरदानच. क्रिस्टल पॅलेसमध्ये मात्र माणसे जमणार होती, म्हणून पॅक्स्टनने छतावर कापडाचे आच्छादन ताणले. लंडनमध्येसुद्धा! काचेचे घर मुळात रोपांसाठी होते, माणसे आत आली तर वर कापड ताणावे लागते, एवढी गोष्ट १८५१ सालीच माहीत होती.

पुढची गोष्ट पॅरिसची, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत बोलकी. ल कॉर्बुझिए हे नाव चंदीगडमुळे आपल्याला ठाऊक आहे. विसाव्या शतकातल्या वास्तुरचनेवर ज्यांची सर्वाधिक छाप पडली अशा दोन-चार माणसांत त्यांची गणना होते. पॅरिसमध्ये त्यांनी साल्व्हेशन आर्मी या संस्थेसाठी बेघर लोकांचे वसतिगृह बांधले, ‘सिते द रफ्यूज’. डिसेंबर १९३३ मध्ये ते उघडले. दक्षिणेची संपूर्ण बाजू काचेची आणि एकही खिडकी उघडणारी नाही. मूळ कल्पना अशी होती की काचेचे दोन पडदे असतील, त्यांच्यामधून गरम किंवा गार हवा खेळवली जाईल आणि आतमध्ये यंत्राने शुद्ध केलेली, बेताच्या तापमानाची हवा सोडली जाईल. पैसे कमी पडले. काचेचा एकच पडदा लागला आणि हवा गार करण्याची यंत्रणा आलीच नाही. डिसेंबरात सगळे खूश होते, कारण पॅरिसच्या थंडीत ऊन आत येत होते. उन्हाळा आला आणि आतली माणसे अक्षरशः उकडून निघाली. शेवटी सरकारी खात्याने खिडक्या उघडतील अशा करा असा हुकूम काढला. कॉर्बुझिएंनी बराच काळ वाद घातला. दुसऱ्या महायुद्धात इमारतीचे नुकसान झाले आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत काचेसमोर सिमेंटच्या उन्हाळी झडपा, म्हणजे ऊन अडवणाऱ्या खोल चौकटी बसवण्यात आल्या.

या चौकटींना फ्रेंचमध्ये ‘ब्रीझ सोलेइ’ म्हणतात, म्हणजे ऊन फोडणारी. आपल्या भाषेत छज्जा आणि जाळी यांच्या मधले काहीतरी. ऊन काचेवर पडल्यानंतर आत पडदे ओढून काहीच साधत नाही, कारण उष्णता तोवर घरात आलेली असते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचे, हे तत्त्व. कोकणातल्या पडवीला ते शेकडो वर्षे माहीत आहे. पण आधुनिक वास्तुरचनेला ते पॅरिसच्या बेघरांना उकडून शिकावे लागले.

आता यात आपला माणूस येतो.

बाळकृष्ण दोशी यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ चा, पुण्याचा. घराणे गुजराती आणि पिढीजात धंदा फर्निचरचा. आजोबांच्या घरात मोठे एकत्र कुटुंब नांदत होते. माणसे वाढली की घराला खोली जोडायची, मजला चढवायचा, असे ते घर वाढत गेले. घर एकदाच बांधून पुरे होत नाही, ते माणसांबरोबर वाढते, हा धडा आपण तिथे शिकलो असे दोशी पुढे सांगत. १९४७ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. त वास्तुकला शिकायला गेले आणि १९५० मध्ये लंडनला. १९५१ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांची एक आंतरराष्ट्रीय परिषद इंग्लंडमध्ये भरली होती. तिथे त्यांना चंदीगडच्या कामाबद्दल कळले आणि त्यांनी कॉर्बुझिएंच्या कचेरीत अर्ज केला. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात हवा होता. उत्तर आले, या, पण पहिले आठ महिने पगार नाही. फ्रेंच येत नव्हते, खिशात पैसे नव्हते, जेवण शाकाहारी. ऑलिव्ह, पाव आणि चीज यांवर पॅरिसात दिवस काढल्याचे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. आपल्यापैकी जे परदेशी क्लायंटकडे डब्यातली चटणी पुरवून पुरवून राहिले आहेत, त्यांना याचे मर्म कळेल.

दोशी त्या कचेरीत होते तो काळ कॉर्बुझिए ऊन अडवायला शिकल्यानंतरचा. चंदीगड आणि अहमदाबादचे नकाशे तेव्हा तिथे तयार होत होते. दोशी परत आले ते अहमदाबादेतल्या कॉर्बुझिएंच्या इमारतींवर देखरेख करायला. त्यातली गिरणी मालक संघाची १९५४ ची इमारत पाहण्यासारखी आहे. पूर्वेच्या बाजूला उभ्या सिमेंटच्या पट्ट्या सरळ आहेत आणि पश्चिमेला त्याच पट्ट्या तिरक्या केल्या आहेत, कारण दुपारचे तिरपे ऊन सरळ पट्टीला जुमानत नाही. नुसत्या सजावटीसाठी केलेले हे काम नव्हे. सूर्याचा कोन मोजून केलेले गणित आहे.

१९७७ च्या सुमारास दोशींकडे बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे काम आले. बन्नेरघट्टा रस्त्यावर सुमारे १०० एकर जागा होती. ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधले कॉलेज आठवते ना? तेच हे. त्यात आमिर खान ज्या दगडी कमानी-ओसऱ्यांमधून पळतो, त्या पाहून आमच्या घरी ‘किती छान जुना किल्ला आहे’ असे उद्गार निघाले होते. किल्ला नव्हे. आपल्या डोळ्यांदेखत, फार तर आपल्या वडिलांच्या उमेदीत बांधलेली ती आधुनिक इमारत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या अभ्यासक्रमासाठी मला तिथे पाच दिवस जायला मिळाले. शिकवलेले काय ते विसरलो, पण ओसऱ्या लक्षात राहिल्या. दोशींनी मदुराईचे देऊळ आणि फत्तेपूर सिक्री डोळ्यांपुढे ठेवली होती. वर्गखोल्या, ग्रंथालय, कचेऱ्या यांना जोडणारे लांबलचक मार्ग. काही ठिकाणी तीन मजले उंच. कुठे वर पूर्ण छत, कुठे नुसत्या सिमेंटच्या तुळयांची जाळी आणि त्यावर चढलेले वेल, कुठे सरळ आकाश. रुंदी सारखी नाही. मध्येच मार्ग फुगतो आणि तिथे बसायला कट्टा असतो. मधल्या सुट्टीत सगळी मंडळी तिथेच बसली. वर्गात जे बोलले नाहीत ते कट्ट्यावर बोलले! दोशींचा हिशेब साधा होता. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंच, इथे वर्षातले बरेच दिवस सावली आणि वारा एवढे मिळाले तर माणूस बाहेर बसू शकतो. मग बाहेरच बसायची सोय करावी.

आणि भिंती इथल्या करड्या ग्रॅनाइटच्या, ओबडधोबड घडवलेल्या. बंगळूरच्या भोवताली हा दगड मुबलक आहे. शेताच्या कुंपणाला उभ्या शिळा रोवलेल्या आपण होस्कोटेकडे जाताना पाहतो, तोच. (भूवैज्ञानिक त्याला नीस म्हणतात, ग्रॅनाइट हे व्यापारातले नाव. लालबागेतला खडक त्याचाच, सुमारे ३०० कोटी वर्षांचा.) जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता पिऊन घेते आणि ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर बंगळूरचा गार वारा सुटलेला असतो. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही फार वाईट इमारत आहे, कारण तिला माझी गरज फारशी लागत नाही.

दोशींना २०१८ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. वास्तुरचनेतले नोबेल म्हणतात ते हेच, आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२२ मध्ये ब्रिटनचे शाही सुवर्णपदक मिळाले. २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादेत ते निवर्तले. पुण्यात जन्मलेल्या या माणसाची एवढी मोठी कृती आपल्या गावात आहे आणि आपण तिला आमिर खानमुळे ओळखतो, याची गंमत वाटते.

दोशींच्या आधीच्या एका कोकणी गृहस्थांची ओळख इथे करून दिली पाहिजे. अच्युत कानविंदे, जन्म १९१६, गाव मालवण तालुक्यातले आचरा. वडील चित्रकलेचे शिक्षक. जे. जे. त शिकून सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेत लागले आणि १९४५ मध्ये सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवले. तिथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस. ज्यांनी जर्मनीत बाउहाउस ही संस्था काढली आणि १९२६ मध्ये डेसाऊ येथे तिच्या इमारतीला तीन मजली काचेचा पडदा लावला, तेच हे ग्रोपियस. आपल्या आउटर रिंग रोडवरच्या प्रत्येक इमारतीचा खापरपणजोबा म्हणजे तो काचेचा पडदा. आचऱ्याचा मुलगा असा थेट उगमाशी जाऊन शिकला. आणि परत येऊन त्याने काय केले? कानपूरच्या आयआयटीचा परिसर विटा आणि सिमेंटमध्ये उभा केला, सावलीच्या रस्त्यांनी जोडला. मेहसाण्याची दूधसागर डेअरी (१९७३) बांधताना गरम हवा वर चढते हे ओळखून छतावर मोठमोठी धुराडी काढली, आणि तीच त्या इमारतीची ओळख झाली. गुरूकडून त्यांनी विचार करण्याची रीत घेतली, काच तिथेच ठेवली. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००२ मध्ये ते गेले. मराठीत त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. मालवणचे नाव काढले की आपण सोलकढीवर थांबतो.

तिसरे चार्ल्स कोरिया. जन्म सिकंदराबादचा (१९३०), कुटुंब मूळ गोव्याचे, शिक्षण अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी येथे, कर्मभूमी मुंबई. नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर मांडणारे हेच. पणजीची कला अकादमी त्यांची, पुण्यातले आयुका त्यांचे. आणि बंगळुरात विधान सौधापासून जवळच आयुर्विमा महामंडळाचे विश्वेश्वरय्या केंद्र आणि जक्कूरचे जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र हीदेखील त्यांचीच कामे. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोरियांची एक इमारत मला या लेखासाठी अगदी हवी आहे. मुंबईच्या पेडर रोडजवळची कांचनजंगा, १९८३ साली पुरी झालेली, २८ मजली. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही पश्चिमेला. पण दुपारचे ऊन आणि पावसाचे सपकारेही तिकडूनच. तोंड पश्चिमेला करावे तर भाजून निघा, पूर्वेला करावे तर वारा आणि समुद्र मुकले. इंग्रजांच्या जुन्या बंगल्यांनी यावर चारी बाजूंनी व्हरांडा हा उपाय केला होता. कोरियांनी तो व्हरांडा आकाशात नेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंच, बागेसारखी खोल गॅलरी कोरून काढली आणि राहत्या खोल्या तिच्यामागे ठेवल्या. लांबून पाहिले तर मनोऱ्याचे कोपरे कुणी चावून खाल्ल्यासारखे दिसतात. ती रिकामी जागा म्हणजे वाया गेलेले चौरस फूट नव्हेत. तीच त्या घराची छत्री आहे.

मग एवढी माणसे, एवढे शहाणपण हाताशी असताना महादेवपुरा काचेचा कसा झाला? याचे उत्तर वास्तुरचनेत कमी आणि यंत्रांत, बाजारात जास्त आहे.

१९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यातला कागद दमट हवेने फुगत होता, रंग एकावर एक बसत नव्हते. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतली आर्द्रता आवरणारे यंत्र बसवले. आजच्या एसीचा जन्म तो. म्हणजे काच झाडांसाठी आणि एसी कागदासाठी! माणसाच्या वाट्याला दोन्ही नंतर आले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला लीव्हर हाउस उभे राहिले, २४ मजली, हिरवट काचेचे, खिडक्या कायमच्या बंद, आत यंत्राची हवा. पॅरिसमध्ये कॉर्बुझिएंना जे पैशाअभावी साधले नव्हते, ते अमेरिकेच्या स्वस्त विजेने साधले. १९५८ मध्ये तिथेच सीग्रॅम बिल्डिंग झाली आणि जगभरच्या कंपन्यांना वाटू लागले की प्रतिष्ठित कचेरी म्हणजे अशीच दिसते. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली, तेव्हा मोठमोठ्या काचा स्वस्त झाल्या. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेला आपल्या काचेच्या मनोऱ्यांचे बिल कळले. मग आरशासारख्या काचा, दुहेरी काचा आल्या. तोवर ही फॅशन आखाती देशांत आणि सिंगापूरला पोहोचली होती. आपल्याकडे तळोज्याला अशी काच निघू लागली, २००० साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मोठा कारखाना सुरू झाला आणि नेमके त्याच वेळी बंगळुराला घाईघाईने लाखो चौरस फूट कचेऱ्या हव्या होत्या.

काचेचा पडदा कारखान्यात तयार होतो, ट्रकमधून येतो आणि क्रेनने लागतो. दगड घडवायला माणसे लागतात, वेळ लागतो, आणि जाड भिंत भाड्याचे चौरस फूट खाते. परदेशी ग्राहकाला न्यूजर्सीत असल्यासारखे वाटले पाहिजे, ही मागणीही होतीच. यात कुणी दुष्ट नाही. मीही याच धंद्यावर दोन मुलांची शिक्षणे केली आहेत. तेव्हा काच म्हणजे पाप असे मी म्हणणार नाही. उत्तरेच्या बाजूला काच उत्तम, छान थंड उजेड मिळतो.

पण पश्चिमेचे काय, ते एकदा आकड्यांत पाहू. गणित साधे आहे, पुढची चार वाक्ये सहन करावीत. स्वच्छ हवेत दुपारी तीन-चारला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडते. साधी काच त्यातला सुमारे ८० टक्के भाग आत सोडते, म्हणजे १०० चौरस मीटर काचेतून ४८ किलोवॅट. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट (हा ‘टन’ बर्फाचा आहे, एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळायला लागणारी उष्णता), तेव्हा नुसत्या या एका भिंतीसाठी चौदा टनांच्या आसपास यंत्रे हवीत. चांगली परावर्तक काच लावली तर पाचावर भागते, आणि बाहेर सावली केली तर आणखी खाली. परावर्तक काचेने परत फेकलेली उष्णता मात्र कुठे तरी जातेच, समोरच्या फुटपाथवर, आणि तिथे आपला इस्त्रीवाला उभा असतो.

शिवाय बंगळूरची हवा पूर्वीची राहिली नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी इथे ३९.२ अंश नोंदले गेले, आजवरचा उच्चांक. सरकारने २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आणली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत, सोप्या मार्गाने नियम पाळायचे असतील तर बाहेरच्या भिंतीत खिडक्यांचा भाग ४० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या नकाशांत काचेसमोर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, जाळ्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. काही नुसत्याच शोभेच्या असतात, उत्तरेलाही लावलेल्या. पण काही खऱ्या.

आता जरा घरचा विषय काढतो, कारण खरे तर त्यासाठीच एवढा प्रपंच केला. आमच्या सोसायटीत (आणि या स्मरणिकेचे निम्मे वाचक अशाच सोसायट्यांत राहतात) गेले वर्षभर वाद चालू आहे, गॅलऱ्यांना सरकती काच लावू द्यायची की नाही. बाजू घेणाऱ्यांची कारणे खोटी नाहीत. धूळ येते, कबुतरे येतात, रस्त्याचा आवाज येतो, पावसाचे पाणी हॉलपर्यंत येते, आणि मुलांच्या अभ्यासाला एक खोली वाढते. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचे म्हणणे तर बिनतोड आहे, ‘तुमचे कोरिया राहू द्या, माझ्या गुडघ्यांना दर दिवशी गॅलरी पुसणे झेपत नाही.’

काकूंच्या गुडघ्यांपुढे इतिहास काय बोलणार! तरीही माझे मत नोंदवतो. बंगळूर १३ अक्षांशावर आहे. एप्रिलच्या २४ तारखेच्या आसपास आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली दिसत नाही. म्हणजे भर दुपारी दक्षिण आणि उत्तर भिंतींना दीड-दोन फुटांचा छज्जाही उन्हाळ्यात बराच सांभाळून घेतो. त्रास पूर्व-पश्चिमेला, तिरप्या उन्हाचा. पश्चिमेच्या हॉलपुढे पाच फूट खोल गॅलरी आहे, ती हॉलची छत्री आहे. तिच्या कडेला काच लावली की छत्री मिटली आणि तिच्या जागी पॅक्स्टनचे रोपांचे घर उभे राहिले. मधले सरकते दार मग कुणी लावत नाही, हॉल वाढवून घेतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एसी येतो. ज्या घरांनी परवानगीची वाट न पाहता काच लावली, तिथे अभ्यासिका झालेली मी अजून पाहिलेली नाही. वॉशिंग मशीन, चपलांचा रॅक आणि जुनी सायकल मात्र पाहिली.

या मुलखाचे जुने घर आपल्या घराहून वेगळे नव्हते. आपला वाडा चौकाभोवती, इथले तोट्टी मने चौकाभोवतीच. आपल्या दाराशी ओटा, यांच्या दाराशी जगली. व्हाइटफील्ड ही १८८२ साली अँग्लो-इंडियन लोकांसाठी वसवलेली वस्ती, तिच्या इनर सर्कलमध्ये जुने बंगले थोडेफार उरले आहेत. त्या काळच्या इथल्या बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोपडी असतात, ‘मंकी टॉप’ म्हणतात त्यांना. बाळाच्या कुंच्यासारखी दिसतात. ऊन अडते, पाऊस अडतो, वारा अडत नाही. वाडा, जगली, टोपडे, दोशींची ओसरी, कोरियांचा चावलेला कोपरा, सगळीकडे घर आणि ऊन यांच्यामध्ये एक जागा सोडलेली आहे, जी धड आत नाही, धड बाहेर नाही. आपल्या फ्लॅटमध्ये त्या जागेचा एकच तुकडा उरला आहे. पाच फुटांचा.

गुडघ्यांचा आणि कबुतरांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मान्य. जाळी लावता येते, कबुतरे थांबतात. पश्चिमेच्या बाजूला गुंडाळता येणारे बांबूचे चिक लावता येतात, ते ऊन काचेच्या आधीच अडवतात, पावसाचे सपकारे बरेच कमी करतात आणि संध्याकाळी वर घेता येतात. खर्च सरकत्या काचेच्या मानाने बराच कमी. आमच्या गॅलरीत दोन उन्हाळे झाले, हॉलमध्ये अजून पंख्यावर भागते आहे. सोसायटीत ज्यांना पाहायचे असेल त्यांनी एप्रिलपर्यंत थांबू नये, ऑक्टोबरातले दुपारचे ऊन पुरते. चारच्या सुमारास यावे, चहा होईल.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे आणि विषयपत्रिकेत गॅलरीचा विषय चौथा आहे. मागच्या वेळी तिसऱ्या विषयावर, म्हणजे पार्किंगवर, साडेतीन तास गेले आणि चौथ्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.